अर्धा आटा डावीकडे

गल्लीत तिला सगळे पंपवाली म्हणत. कुणाचा पाणी चढवायचा पंप जळला, कुणाच्या दुकानातला जनरेटर खोकायला लागला, की माणसं तिच्या शटरसमोर येऊन उभी राहत आणि ती मान वर न करता म्हणायची, "ठेवा तिथे. कशाने बिघडला ते सांगू नका, मी बघते." लोक सांगतात ते कारण हमखास चुकीचं असतं, हा तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव. हे काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली होती. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामीच होती. तिथे तिने बाकडं टाकलं, भिंतीला पाने टांगले, आणि बघता बघता पंचक्रोशीतल्या पंपांचं माहेर तिथे वसलं.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याला पाना आणि पक्कड यांतला फरक समजावून सांगायचा प्रयत्न तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी केला आणि मग कायमचा सोडून दिला. घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. ते जमीन मोजणीच्या खात्यात होते. लोकांच्या शेतांच्या आणि भूखंडांच्या हद्दी आखण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्या सगळ्या आयुष्याला पुरून उरली ती त्यांची गाडी. गोल डोळ्यांची, फुगीर गालांची, पिस्त्याच्या रंगाची जुनी मोटार. साखळ्या, खुंट्या, दुर्बीण असा सगळा संसार मागच्या सीटवर घालून ते ती खडकाळ रस्त्यांवरून हाकत. सासूबाई गेल्या आणि ते गाडीत बसेनासे झाले. खोलीला लागूनच्या शेडमध्ये गाडीवर ताडपत्री आली. पुढे गुडघे धरले, तेव्हा ते स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच.

"गाडी चालू झाली तर बाबा बाहेर तरी पडतील," एकदा जेवताना नवरा म्हणाला. बोलून तो मोकळा झाला. काम अर्थातच तिच्या गळ्यात पडलं.

तिने ते मनापासून केलं, हे सांगायला हवं. इंजिन उतरवलं. झिजलेले सिलिंडर बोअर करून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या, झडपा घासून बसवल्या, सांधे हवाबंद ठेवणारं प्रत्येक गॅस्केट बदललं. गिऱ्हाइकांचे पंप बाजूला पडले, हातांना जळक्या तेलाचा वास कायमचा चिकटला. सासरे खुर्ची शेडच्या दाराशी ओढून बसत आणि फारसं बोलत नसत. फक्त एकदा ते म्हणाले, "सूनबाई, बाकी काय बदलायचं ते बदल. कार्बोरेटरला हात लावू नको. त्याने मला कधी रस्त्यात सोडलेलं नाही."

म्हाताऱ्या माणसाचा शब्द, म्हणून तिने मान दिला. आतलं काही बदललं नाही; कार्बोरेटर फक्त खोलून पेट्रोलने धुतला, पेट्रोलची बारीक भोकं फुंकून घेतली आणि होता तसा परत बसवला.

इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. समोरच्या घरातले बसवाले काका, ज्यांनी उभा जन्म बस चालवण्यात घालवला होता, ते सुद्धा दात कोरत फाटकापर्यंत आले. आणि गाडी उभ्या जागी वरखाली व्हायला लागली. आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, जणू कुणी दमेकरी जिना चढतोय. तिने ॲक्सिलरेटरवर पाय दिला तर गाडीने एक आवंढा गिळला आणि ती बंद पडली.

"कार्बोरेटर," बसवाले काका म्हणाले.

"सेटिंग राहिलंय अजून," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत होईल.

तिथून तिच्या डोक्याला जो ताप सुरू झाला त्याला तोड नाही. दिवसभर खपून ती कार्बोरेटर लावायची. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण ठरवणारा एक छोटा स्क्रू असतो. तो उजवीकडे फिरवला की पेट्रोल कमी, डावीकडे फिरवला की जास्त. पुस्तकातल्या मापाच्या आसपास, कानाने अंदाज घेत ती तो केसाकेसाने फिरवायची, गाडी जेमतेम तग धरेल अशा बेताला आणायची, गल्लीला एक फेरी मारायची, चौकात गाडी बंद पडायची, मग ढकलत आणायची. प्लग काढून बघायची तर ते खडूसारखे पांढरे. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ठीक आहे. प्लग पुसून बसवायची, बॉनेट लावायची, उद्या बघू म्हणून घरात जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सुरू केली की मागून काळा धूर. प्लग काढावेत तर काजळीने माखलेले. म्हणजे पेट्रोल जास्त होतंय.

रात्रीत उभ्या असलेल्या गाडीचं पोट असं कसं बदलेल? तिने कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट तपासला. फ्लोटची सुई बदलली. पेट्रोलची नळी बदलली. टाकी उतरवून धुतली. पुन्हा कानाने लावलं, पुन्हा प्लग पांढरे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काळे. मग तिला वाटलं, स्क्रूखालची स्प्रिंग म्हातारी झाली असेल, इंजिनाच्या थरथरीने स्क्रू आपोआप सैल होत असेल. तशी स्प्रिंग बाजारात मिळेना. शेवटी तिने एका मोडक्या जनरेटरची काढून, कापून, घासून बसवली, आणि त्या पायी अख्खी सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी काळा धूर हजर.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे सल्ले देणारे. बसवाले काका म्हणाले, पेट्रोलच भेसळीचं. वाण्याचा भाऊ म्हणाला, असल्या गाड्या विकून टाकाव्यात. गणिताचे मास्तर, म्हणजे नवरा, भाजी चिरता चिरता म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं स्थिर ठेवायचं, म्हणजे कारण सापडतंच."

"मी एकच बदलते," ती म्हणाली. "बाकीचं स्वतःहून बदलतं."

"असं कसं होईल?"

"तेच तर मी गाडीला विचारतेय."

तो पुन्हा भाजीकडे वळला. ती चिडली की कांदा न चिरताच त्याचे डोळे पाणावत.

सासरे मात्र या काळात बरे दिसायला लागले होते. वेळेवर दाढी करत, दारापाशी बसून गाडीचा आवाज डोळे मिटून ऐकत. ती रोज संध्याकाळी हरून हात धुवायला निघाली की विचारत, "झालं का सूनबाई?" त्यात टोमणा आहे की काळजी, हे तिला कधी कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून ती आणखी चिडायची. सासऱ्यांना उलट बोलायची तिला सवय नव्हती. सगळा राग ती दातांखाली धरून पाण्याच्या पंपांवर काढायची. त्या दिवसांत पंप फार लवकर दुरुस्त झाले.

मग एका सकाळी ती एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवरचा पंप बघायला निघाली आणि अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की मोठा पाना शेडमध्येच राहिला. ती परत फिरली. शेडचं दार अर्धवट उघडं होतं. गाडीचं बॉनेट वर होतं. आणि ज्यांना खुर्चीतून उठताना दोन वेळा देवाचं नाव घ्यावं लागे ते सासरे कमरेपर्यंत गाडीत वाकले होते. हातात लाकडी मुठीचा, बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर होता.

ती तिथेच उभी राहिली. किती दिवसांची टाकी, नळी, सुई, स्प्रिंग, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"बाबा," ती म्हणाली.

ते दचकले नाहीत. हळूच सरळ झाले, स्क्रूड्रायव्हर झब्ब्याच्या खिशात ठेवला.

"तुम्ही स्क्रू फिरवलात?"

"फिरवला नाही. जरासा हलवला."

"रोज हलवता?"

"रोज कशाला? तू चुकीचा लावतेस तेव्हाच."

"म्हणजे रोज."

त्यांनी बॉनेटच्या कडेवर हात टेकला. म्हणाले, "तहानलेली ठेवतेस तू तिला. मला आवाजावरून कळतं. या गाडीला पहिल्यापासून अर्धा आटा डावीकडे लागतो. जन्मभर लावलाय मी."

"मग मला सांगायचं ना."

"तू कुठे विचारलंस? तू तर लोकांना सांगतेस, कशाने बिघडलं ते सांगू नका."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. भिंतीवरचा मोठा पाना तिने असा ओढला की शेजारचे दोन खाली पडले. ते न उचलता ती बाहेर पडली. त्या गिऱ्हाइकाने नंतर नवऱ्याला विचारलं म्हणे, बाईंची तब्येत बरी आहे ना.

दोन दिवस तिने शेडकडे पाऊल टाकलं नाही. जेवणाच्या ताटावर बोलणं नवऱ्यामार्फत चाले. "त्यांना विचारा आमटी हवी का." "तिला सांग, पुरे." टेबलाला तीनच खुर्च्या, आणि तो मधल्या खुर्चीत बसून निरोप्यासारखा डावीउजवीकडे मान वळवत होता. दुसऱ्या रात्री तो खोलीत तिला म्हणाला, "त्यांचं चुकलंच. पण एक सांगू? ते पहाटे उठून कपडे करतात हल्ली. आई गेल्यापासून कधी केले नव्हते."

"मग मी काय करू? जन्मभर रोज सकाळी त्यांना बिघडवायला गाडी नीट करून ठेवू?"

गणिताच्या माणसाला उत्तर नसलेलं गणित चालत नाही, त्यामुळे तो कूस बदलून झोपला.

तिला झोप आली नाही ती वेगळ्याच कारणाने. राग ओसरत गेला तसा मधूनच एक विचार वर येत होता. म्हातारबुवा स्क्रू फिरवत होते हे कळलं, त्यामुळे प्लग कधी पांढरे, कधी काळे याचा उलगडा झाला. पण तिने लावल्यावर गाडी बंद का पडते, याचा नाही झाला. तिचं प्रमाण बरोबर होतं. पुस्तकाप्रमाणे होतं. मग गाडी तहानलेली का राहते? घोडं पेंड खातंय कुठे?

सकाळी चहा घेऊन ती स्वतः सासऱ्यांच्या खुर्चीपाशी गेली. कप टेकवला आणि म्हणाली, "चला. आज तुमच्यासमोर लावते. पण हात मागे बांधून बसायचं."

"स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवला तर चालेल?"

"माझ्याकडे द्या."

त्यांनी दिला. नवऱ्याला तिने ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि बजावलं, "मी म्हणेन तेव्हा ॲक्सिलरेटर दाबायचा, म्हणेन तेव्हा सोडायचा. स्वतःचं डोकं लावायचं नाही."

तिने आपल्या पद्धतीने लावलं. सासरे म्हणाले, "बंद पडेल." गाडी बंद पडली. मग तिने त्यांच्या पद्धतीने, अर्धा आटा डावीकडे लावलं. गाडी तरीही धापाच टाकत होती.

"अर्ध्याने भागत नाही, बाबा."

ते जरा ओशाळले. "नव्या इंजिनाला जास्त लागतं. मी पूर्ण आटा देत होतो. वर थोडं."

तिने पूर्ण आटा दिला, वर थोडं. गाडी चालू राहिली आणि शेड काळ्या धुराने भरली. नवरा आतून खोकत विचारत होता, सोडू का, दाबू का.

तिने हाताने धूर सारला आणि बराच वेळ कार्बोरेटरकडे बघत राहिली. जुन्या इंजिनाला अर्धा आटा जास्त लागायचा. नव्याला एकाहून जास्त. नव्या रिंगांचं इंजिन घट्ट, ते हवा जोराने ओढतं. म्हणजे कुठूनतरी हवा चोरून आत जात असणार, आणि जितकी ओढ जास्त तितकी चोरी जास्त. इतकी वर्षं बाबा पेट्रोल वाढवून त्या चोरीची भरपाई करत आले होते. गॅस्केट तर सगळी नवी. मग जुनं काय राहिलं होतं?

तेलाची बुधली घेऊन ती जाड तेलाचे थेंब एकेका सांध्यावर सोडू लागली. फट असेल तिथे तेल क्षणभर तिचं तोंड बंद करणार आणि इंजिनाचा सूर बदलणार. बुडाच्या सांध्यावर सोडलं, काही नाही. वरच्या झाकणावर, काही नाही. मग पेट्रोलमिश्रित हवा आत सोडणारी जी झडप असते, तिची दांडी कार्बोरेटरच्या अंगातून आरपार जाते, तिच्या टोकावर एक थेंब सोडला.

"थांब," सासरे म्हणाले. "आत्ता काय केलंस?"

दमेकरी जिना चढायचा थांबला होता. इंजिन एका सुरात चालू होतं. चार श्वास तसं चाललं, तेल आत ओढलं गेलं, आणि पुन्हा वरखाली सुरू झालं.

तिने गाडी बंद करायला सांगितली, दांडीचं टोक चिमटीत धरलं आणि हलवलं. दांडी हिंदोळली. ज्या भोकात ती फिरायची ते भोक इतक्या वर्षांत झिजून लांबोळं झालं होतं. सगळं इंजिन नवं केलं आणि हवेला एक चोरदरवाजा तसाच ठेवला, कारण कार्बोरेटरला हात लावायचा नव्हता.

तिने सासऱ्यांचा हात धरून बोटं त्या दांडीवर ठेवली. त्यांनी हलवून पाहिली. पुन्हा पाहिली.

"ही एवढी कधी झिजली?" ते म्हणाले.

"तुम्ही आटा वाढवत गेलात तेव्हा."

"हं." मग म्हणाले, "म्हणजे मीच तिला पाणी पाजून ताप लपवत होतो." ते तिच्याकडे न बघता बोलले, पण बोलले.

धातू कातून देणाऱ्या लेथवाल्याकडे ती कार्बोरेटर घेऊन निघाली तर तेही बरोबर यायला उठले. रिक्षात मांडीवर कार्बोरेटर घेऊन बसले. वाटेत आपणहून सांगायला लागले. "ही सेटिंग आम्ही दोघं करायचो. तुझी सासू आत बसायची, पायाने पेडल धरायची. मी बॉनेटजवळून म्हणायचो, दाब. ती म्हणायची, किती? मी म्हणायचो, रागावल्यासारखा नको, समजूत घातल्यासारखा दाब." ते थोडं हसले. "तिच्या पायाला बरोबर कळायचं. तू यातलं काही बदललंस तर मग ते राहणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. वेडेपणा."

तिला इतक्या दिवसांचा राग पूर्ण सोडवतही नव्हता आणि धरवतही नव्हता. तिने फक्त कार्बोरेटरखाली जुनं फडकं सारलं, त्यांच्या धोतरावर तेल गळत होतं.

लेथवाल्याने भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे दांडीला घट्ट धरणारी कडी, बसवायचं ठरवलं. "उद्या या, ताई," तो म्हणाला. उद्या गेले तर म्हणाला पितळ आलेलं नाही. परवा म्हणाला वीज नव्हती. तिच्या पुढच्या शब्दांची जुळवाजुळव चालू असतानाच सासरे पुढे झाले, लेथजवळचं स्टूल ओढलं, आणि त्यावर बसले. "मी थांबतो," ते म्हणाले. "मला काही घाई नाही." आणि हद्दीवरून भांडणाऱ्या भावाभावांना ज्या नजरेने त्यांनी आयुष्यभर थंड केलं असेल त्या नजरेने ते त्याच्याकडे बघत बसले. संध्याकाळच्या आत बुश बसले.

कार्बोरेटर परत चढवला तेव्हा तिने स्क्रू पुस्तकाप्रमाणे लावला. नवऱ्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं. धूर नाही, खोकला नाही. तिने स्वतः आत बसून ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने आवंढा गिळला नाही. गाडी बंद करून प्लग काढले तर मातीच्या नव्या पणतीसारखे बदामी; ते बसवल्यावर नवऱ्याने आत बसून ती पुन्हा चालू केली. तिला बसून घ्यावंसं वाटलं, तशी ती चाकाच्या बाजूला जमिनीवर बसली.

"मी बघू का?" सासरे म्हणाले. गुडघ्यांमुळे ते चालवणार नव्हतेच, पण नवऱ्याने उठून त्यांना जागा दिली. ते बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले, कान दिला, आणि चेहरा पाडून म्हणाले, "बंद पडली."

"बाबा, नाही," ती उठेपर्यंत त्यांनी किल्ली फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर चढला आणि दातांवर दात घासल्याचा असा कर्कश आवाज झाला की समोरचे बसवाले काका घरातून बाहेर आले.

"चालू आहे ती," ती ओरडली नाही, पण ओरडायचीच बाकी होती. "चालूच आहे. आवाज नाही म्हणजे बंद नाही."

"मग चालू आहे हे माणसाने ओळखायचं कसं?"

तिने स्टार्टरचे दात तपासले. बचावले होते.

रविवारी ते नणंदेकडे गेले. तिचं घर चढावर, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि सासरे गुडघ्यांची सबब सांगून तिथे जायचे टाळत होते. पंपवाली चालवत होती, ते शेजारी, नवरा मागे. चढाच्या पायथ्याशी तिने नकळत श्वास रोखला. गाडी चढली, एका सुरात, मध्ये एका हातगाडीमागे थांबून पुन्हा उचलली तरी कुरकुरली नाही. वर पोचल्यावर नणंद फाटकात उभी होती. वडिलांना गाडीतून उतरताना बघून तिने तोंडावर पदर धरला.

सासरे सावकाश उतरले, कमरेवर हात देऊन सरळ झाले, बॉनेटवर दोनदा थोपटलं.

"बरी आली," ते लेकीला म्हणाले. मग सुनेकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "पण तिसरा गिअर तू घाईने टाकतेस. वळणाच्या आधी नाही टाकायचा, नंतर टाकायचा."

नवऱ्याने मागच्या सीटवर डोळे मिटून घेतले.

"जाताना सांगा, बाबा," पंपवाली म्हणाली, आणि दार जरा जोरातच लावून घरात गेली.